निजामपुऱ्यातली झोप

कोरेगावच्या स्टँडवर ठाण्याच्या गाडीत बसले तेव्हा परतीच्या वाटेवर शेजारच्या सीटवर दिनू असणार, हे मी ठरवूनच टाकलं होतं. तेवढ्यासाठी तर निघाले होते. सामान मोजकंच घेतलं. दोन साड्या, घेवड्याची पिशवी, गुळाची ढेप आणि ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र. एवढी ढेप कशाला वागवतेस, असं मुलाने विचारलं. भावाच्या सासुरवाडीला रिकाम्या हाताने जायची पद्धत आमच्यात नाही, एवढंच त्याला सांगितलं.

दिनू म्हणजे दिनकर, माझा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, टक्कल पडत चाललं, पण मला तो अजून नाक गळणाराच दिसतो. मिसरूड फुटायच्या वयात तो भिवंडीला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला गेला आणि तिकडचाच झाला. तिथल्याच खारबाव गावची सुलभा त्याला सांगून आली. निजामपुऱ्यात, लूमच्या गल्लीतल्या एका खोलीत त्यांचा संसार झाला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. गेल्या दिवाळीच्या सुमारास दिनूला कावीळ झाली. कावीळ उतरली, पण तिच्याबरोबर गेलेली झोप काही परत आली नाही. हवापालट व्हावा म्हणून सुलभाने त्याला खारबावला, आपल्या माहेरी आणलं. तरी फरक नाही. मग तिचा फोन आला. "ताई, औषध झालं, पथ्य झालं. रातभर जागे असतान. दिवसा नुसते बसून असतान, कुनाशी बोलत न्हाईत. मला भ्या वाटतंय." सुलभा रडणारी बाई नाही. त्या दिवशी रडली, म्हणून मी निघाले.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता रिटायर झाले. आमच्या वॉर्डात 'शांतता राखा' अशी पाटी होती, पण तिची गरज नव्हती, मी होते. तेव्हा दिनूच्या दुखण्यावर औषध काय, हे मला फोनवरच कळलं होतं. आराम आणि शांतता. मी आमची माडीवरची खोली रिकामी केली, शेजाऱ्यांचा कुत्रा परसात बांधायला लावला आणि भजनी मंडळाला सांगून देवळाच्या भोंग्याचं तोंड ओढ्याकडे फिरवून घेतलं. मंडळी कुरकुरली, पण फिरवलं.

ठाण्याला उतरून भिवंडीची गाडी धरली. कशेळीच्या पुलावरून खाडी दिसते, भरतीचं गढूळ पाणी आणि काठाला तिवरांची झाडी. तेवढं एक निवांत दृश्य डोळ्यांत साठवावं म्हणते तोवर पूल संपला आणि कंटेनर सुरू झाले. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आमची गाडी. राहनाळला तर गाडी जी थांबली ती हलेचना. सुलभाने अंजूरफाट्याला उतरायला सांगितलं होतं. मला बसून राहणं जन्मात जमलेलं नाही. मी उठले आणि कंडक्टरला म्हटलं, उतरू द्या.

"मावशी, फाटा पुढं आहे."

"चालत जाईन."

"जा बापडे," म्हणून त्याने दार उघडलं. मी उतरले आणि गाडी लगेच सुटली. कंडक्टर खिडकीतून हसत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

राहनाळ म्हणजे गोडाऊनच गोडाऊन. पत्र्याच्या एकेका शेडखाली आमचं अख्खं गाव मावेल. एका फाटकासमोर डबे घेतलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीला वाट विचारायला गेले, तेवढ्यात माझ्यामागे आणखी चार-पाच जणी येऊन उभ्या राहिल्या आणि रांग सरकली तशी मीही सरकले. फाटकाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक चटपटीत मुलगी होती.

"मावशी, नवीन का? पॅकिंगला? आधार कार्ड आणलंय?"

"अगं, मी भावाकडे चाललेय."

"भाऊ कुठल्या गोडाऊनला?"

"गोडाऊनला नाही, आजारी आहे तो."

"मग त्याच्या जागी आलात का?"

रांगेतल्या बायका हसायला लागल्या. मग तीही हसली, मीही हसले. तिचं नाव प्रज्ञा. पॅकिंगच्या बायकांची सुपरवायझर. माल लावणारा एक माणूस तिला "जय भीम, मॅडम" म्हणत पुढे गेला, तिने त्याला "जय भीम" करता करता दुसऱ्या हाताने एक रिक्षा थांबवली. "खारबावला सोड, आणि मावशींकडून जास्त घेऊ नको," असा त्याला दम दिला. पिशवीतला घेवडा पाहून तिने विचारलं, विकायला आणलाय का? मी तिच्या डब्याच्या झाकणात दोन मुठी घेवडा घातला. भावाकडे मन रमलं नाही तर पॅकिंगला या, असं ती म्हणाली आणि रांगेकडे वळली.

अंजूरफाटा मागे पडला, पुढे गोडाऊनही विरळ होत गेली. मग दोन्ही बाजूंना भात कापून झालेली खाचरं आणि त्यात वालाचे हिरवे वेल. माघ सरत आला होता. वेलांना शेंगा लागल्या होत्या आणि वाऱ्यावर त्यांचा उग्र हिरवा वास येत होता. खारबावचं स्टेशन लागलं. फलाटावर एक कुत्रं आणि ऊन, दुसरं कोणी नाही. इथे पॅसेंजर गाड्या कमीच थांबतात, रिक्षावाला म्हणाला. मला तर खारबाव पाहून फारच बरं वाटलं. दुखण्यातून उठायला याहून चांगली जागा कुठली? मग हा उठत का नाही, असं मनात येतंय तोच एक लांबलचक मालगाडी धडधडत गेली, आणि मी ताडलं की हीच ती. हिच्या आवाजाने माझ्या भावाची झोप उडते.

सुलभाच्या भावाचं, बाळारामभाऊंचं घर गावाच्या टोकाला आहे. पडवीत निळी प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत दिनू. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, हात मांडीवर. सोयरिकीला आलेला पाहुणा वाटत होता. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं. मी ढेप खाली ठेवली आणि त्याचं मनगट हातात घेतलं. नाडी बरी होती.

"ताई, आलीस होय," तो म्हणाला. बस्स. मला वाटलं होतं उठून पिशवी तरी घेईल.

पिशवी न घेण्याचं कारण मला संध्याकाळपर्यंत कळलं. त्याने पिशवीला हात लावला असता, तर बाळारामभाऊंनी ती ओढून घेतली असती. जावई माणूस! सासुरवाडीत जावयाने काडी हलवायची नाही, हा तिकडचा रिवाज, आपल्याकडेही तोच. फरक इतकाच की आपल्याकडचा जावई दोन दिवसांनी उठून जातो, आणि दिनू मुक्कामाला राहिलेला. जरा वेळाने तो गोठ्याकडे बादली घेऊन निघाला, तर बाळारामभाऊ धावत आले आणि बादली काढून घेतली. मग कुंपणाची तार सैल झालेली दिसली म्हणून पक्कड शोधायला लागला, तर बाळारामभाऊंच्या पुतण्याने पक्कड लपवली. जेवून स्वतःचं ताट उचललं, तर सुलभाच्या आईने ते हातातून घेतलं.

"तुमी बसा, दाजी. तुमी काम केलंत तर गाव मला काय बोलंल?" बाळारामभाऊ असं म्हणाले ते तोंडदेखलं नव्हतं, अगदी मनापासून. शेतातून आल्यावर हा माणूस आधी दिनूजवळ जातो, आज कसं वाटतंय विचारतो आणि मग पाणी पितो. एवढी माया करणारा मेहुणा मी तरी पाहिलेला नाही. नर्स म्हणून मला ही व्यवस्था पसंत पडली. इतका आराम तर आम्ही वॉर्डातही देऊ शकत नव्हतो.

जेवायला तांदळाची भाकरी होती, पातळ आणि इतकी मऊ की हातात धरली तर लोंबते. सोबत वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालाची रस्सेदार उसळ) आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी लाज सोडून जेवले. दिनूने अर्धी भाकरी चिवडली. सुलभा त्याच्या ताटाकडे न बघितल्यासारखं करत होती, आणि सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी कारभार हातात घेतला. टीव्ही बंद. मिक्सर बंद, चटणी पाट्यावर वाटायची. पोरांनी खेळायला स्टेशनाकडे जायचं. बिचाऱ्यांनी सगळं ऐकलं. दोन दिवसांत घर इतकं शांत झालं की पडवीतल्या खुर्चीचा पाय सरकला तरी आत कळायचं. दिनूची झोप मात्र होती तिथेच. तो उगाच उठायचा, पडवीच्या कडेला जायचा, परत येऊन बसायचा. किती वाजले, असं मला सारखं विचारायचा आणि मी सांगितलं की "बरं" म्हणायचा. संध्याकाळी आम्ही दोघंच बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "ताई, इथं सगळं बंद पडल्यासारखं वाटतं गं."

"चांगलंच आहे की," मी म्हटलं. "म्हणजे आराम मिळतोय."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. भांडलाही नाही. लहानपणी हा माझ्याशी एका बोरासाठी दिवसभर भांडायचा. त्याला असं मान हलवताना मी पाहत राहिले. हा असाच विझत जाणार की काय, असं पहिल्यांदा स्वच्छ वाटलं. त्याच क्षणी ठरवलं की आता थांबायचं नाही. उद्या निजामपुऱ्यातल्या खोलीतून त्याचे कपडे आणि दवाखान्याचे कागद आणायचे, खोली सोडतोय असं घरमालकाला सांगून टाकायचं आणि परवा कोरेगाव. सगळ्यांना सांगितलं. बाळारामभाऊंनी खाली मान घातली. सुलभा काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. दिनू म्हणाला, "बरं."

निजामपुरा आधी कानाला लागतो, मग डोळ्यांना. आम्हा तिघांची रिक्षा वळली आणि एक खटखट सुरू झाली, ती मग सरलीच नाही. प्रत्येक दारातून खटखट. पायाखालची फरशी हलते, चहाच्या पेल्यावर बारीक लाटा उठतात, अंगावर कापसाचा भुगा येऊन बसतो. गल्ली इतकी अरुंद की समोरून हातगाडी आली तर दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. सगळे जण एकमेकांशी भांडताहेत असं वाटून मी एका पानवाल्याला शांत व्हायला सांगितलं, तर तो नुसता गिऱ्हाईकाला कात हवा का विचारत होता. टपरीवर मी एक चहा मागितला, चार आले. परत करावे म्हटलं, तर पोऱ्या ते ठेवून केव्हाच पुढे गेला होता. तीन आम्ही प्यायलो आणि एक त्या पानवाल्याला दिला. आमचं मिटलं.

माझं डोकं दुखायला लागलं होतं. इतकी वर्षं माझा भाऊ या कल्लोळात राहिला, आणि वर आजारी पडला म्हणून आम्ही नवल करत होतो! सुलभाने खोली उघडली, आम्ही दोघी कपडे काढायला लागलो. दिनू दाराशी उभा होता. तेवढ्यात समोरच्या कारखान्यातून एक दाढीवाले गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी दिनूला मिठीच मारली. हे अन्वरभाई. कारखाना त्यांचा, पण मालक म्हणून खुर्चीत बसणारे नाहीत, कामगार आला नाही तर स्वतः लूमवर उभे राहतात. दिनू इतकी वर्षं त्यांच्याचकडे होता.

"आपा, अंदर आइए. दिनूभाई आले आणि चाय नाही पिली, तर माझी काय इज्जत राहिली?"

मला आणखी चहा नको होता, पण दिनू आधीच आत गेला होता. मागोमाग मी. आतली खटखट बाहेरच्या दुप्पट. लांबट शेड, दोन्ही बाजूंना जुने काळे लूम, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे पळतोय आणि पांढरं कोरं कापड बोटबोटभर पुढे सरकतंय. कोपऱ्यात विणून झालेल्या ताग्यांचा ढीग होता. अन्वरभाईंनी दिनूला त्यावर बसवलं, मला स्टूल दिलं आणि हातवारे करून चहा सांगितला. मी पदर नाकाला लावून बसले. मनात म्हटलं, पाच मिनिटं, मग याला इथून काढायचं.

चहा आला. माझा घेऊन मी दिनूचा पेला त्याच्याकडे करायला वळले, तर तो भिंतीला टेकून बाजूला कलला होता. मान छातीवर. हात ढिला, बोटं उघडी.

माझ्या हातातला पेला पडला. तीस-पस्तीस वर्षांची नोकरी एका क्षणात हातापायांत आली. मी धावले, मनगट धरलं, पापणी उघडून पाहिली, छातीला कान लावला. छातीतलं काय ऐकू येणार त्या गोंगाटात! पण नाडी लागली. संथ, भरलेली, एका लयीत चाललेली. मी ती बराच वेळ धरून ठेवली, कारण माझा स्वतःवर विश्वास बसेना. त्याला काहीही झालेलं नव्हतं. माझा भाऊ झोपला होता. घोरतही असावा, कारण ओठ हलत होते.

सुलभा दारात येऊन उभी राहिली होती. तिने ते पाहिलं आणि पदर तोंडात धरून भिंतीला टेकली.

आता मी काय करावं? जे नोकरीभर केलं तेच केलं. अन्वरभाईंना खूण केली की बंद करा, लूम बंद करा, माणूस झोपलाय. त्यांनीही समजून मान हलवली, माणूस भला. दिनूजवळचा लूम थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग त्यापलीकडचा. आवाज एकेक पायरी उतरत गेला, आणि तिसरा लूम थांबला तसे दिनूने डोळे उघडले.

"तार कुठली तुटली?" तो म्हणाला.

आणि उठला. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ पहिल्या लूमपाशी गेला, ताणलेल्या सुतावर वाकला, बोटं फिरवली. लूम थांबतो तो सुताची तार तुटली की, पण तुटलेलं काही नव्हतं. त्याने अन्वरभाईंकडे 'हे काय' अशा नजरेने बघितलं, दांडी ओढली आणि लूम चालू केला. मग दुसरा. मग तिसरा. पुन्हा सगळी खटखट जागेवर आली तेव्हा त्याने कमरेवर हात ठेवून शेडभर नजर फिरवली, आणि मला तिथे पाहून त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. खारबावच्या पडवीत मी जे शोधत होते, ते हे हसू.

मी बाहेर आले. खोलीच्या पायरीवर बसले. सुलभा शेजारी बसली आणि मोठ्याने, तिथल्या रीतीने, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, मी एक बोलू?"

"बोल."

"माझ्या भावानं यांना देवासारकं ठेवलंय. पन देवाला काय काम असतंय? बसून ऱ्हायाचं. तुमी कोरेगावला न्याल, तुमी पन तसंच ठेवाल. यांना तसं नका ठेवू. आमाला इथंच ऱ्हाऊ द्या."

खरं सांगते, मला राग आला. मी भोंगा फिरवून आले होते, कुत्रा बांधून आले होते, आणि ही मला सांगतेय की याला गोंगाट हवा. पण राग टिकेना. समोर शेडच्या दारातून दिनू दिसत होता, कुणाला तरी हाताने काहीतरी दाखवत होता. मी सुलभाचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत तिने माझ्यापुढे एवढं मोठं वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. माझ्यासारखी नणंद असल्यावर कोण बोलेल?

मग पुढचे दोन दिवस धावपळीचे गेले. मी दिनूला डॉक्टरांकडे नेऊन नीट विचारून घेतलं. बसून करायचं काम, अर्धी शिफ्ट, नाकाला रुमाल आणि तेलकट बंद, एवढ्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. दिनूचे जुने लूम आता दुसऱ्याच्या हाती होते, त्याचं पोट मारून ते परत देता येणार नव्हते. पण कांडीच्या मशीनवर (धोट्यात बसते ती सुताची नळी म्हणजे कांडी) माणूस हवा होता. "बैठके करने का काम है, आपा," अन्वरभाई म्हणाले, "कांडी भरली नाही तर आमचा एक पण लूम चालत नाही." दिनू शेजारीच उभा होता. त्याने हे ऐकलं आणि विचारलं, सकाळची शिफ्ट का?

बाळारामभाऊंना समजावणं अवघड गेलं. "आमचं काय चुकलं, ताई?" एवढंच ते विचारत राहिले. शेवटी दिनूच त्यांच्याजवळ जाऊन बसला. "भाऊ, तुमचं काही चुकलं नाही. मला कांडी भरायची आहे."  बाळारामभाऊ उठले, टेम्पोत तांदळाचं पोतं आणि वालाच्या शेंगा टाकल्या आणि आम्हाला स्वतः निजामपुऱ्यात सोडायला आले. पोतं उतरवताना दिनूने एका बाजूने हात लावला. बाळारामभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हात काढा म्हणाले नाहीत.

मी निजामपुऱ्यात राहिले, घडी बसेपर्यंत. दिनू डाराडूर झोपायचा आणि मी छत बघत पडायची. कानांत कापूस घातला, काही उपयोग नाही. सुलभा हसायची आणि मीही तिला हसू द्यायची. शुक्रवारी लूमला सुट्टी. सकाळी सगळी गल्ली एकदम गप्प झाली, आणि तरी माणसं मात्र तितक्याच मोठ्याने बोलत होती, त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्या निजामपुऱ्याला कळत होतं. मी दुपारभर मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा दिनू उशाशी चहा घेऊन बसला होता. शुक्रवारी त्याला करमत नाही. "ताई, उठ की," म्हणाला, "किती झोपतेस." मग आम्ही त्या बोराच्या भांडणावरून पुन्हा भांडलो. बोर माझंच होतं. तो मान्य करायला तयार नाही.

शनिवारी निघाले. दिनूची शिफ्ट सुरू झालेली, म्हणून निरोप घ्यायला मीच शेडच्या दारात गेले. तो पार मागच्या भिंतीशी, कांडीच्या मशीनपुढे बसला होता, नाकाचा रुमाल गळ्यात उतरवलेला. मी हात केला. त्यानेही केला. मधे सगळे लूम.

आमच्या घरात प्रेमाचं कोणी बोलत नाही. आई बोलली नाही, मी बोलले नाही. जेवलास का, एवढ्यात सगळं येतं. पण त्या गोंगाटात माझं मलाही ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटलं, इथे बोलायला काय हरकत आहे, कुणाला कळणार? म्हणून दारात उभी राहून मी बोलले. "दिनू, तुझ्याइतकं जवळचं मला कुणी नाही रे. तू पडवीत तसा बसलेला होतास ना, तेव्हा मी फार घाबरले. माझ्याआधी जाऊ नकोस. तेवढं कर माझं."

दिनूचे हात थांबले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्याचे ओठ हलले, काहीतरी म्हणाला, आणि पुन्हा कांडीवर वाकला. मला काही कळलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या सुलभाने तोंड फिरवून डोळे पुसले. मी वरमले. रिक्षात बसताना ती म्हणाली, "ताई, लूमवरच्या मानसाला कान लागत न्हाईत. ती ओठ वाचतान."  तो काय म्हणाला, हे तिला विचारायचं धैर्य मला स्टँडपर्यंत झालं नाही.

परतीच्या गाडीत शेजारची सीट रिकामी होती. त्या सीटवर पिशवी ठेवून मी खिडकीशी बसले, आणि घाट लागेपर्यंत स्वतःशी वाद घातला. आवाज थांबला की माणसाला शांत वाटतं, असं मी धरून चालले होते. काहींना वाटतही असेल, मला वाटतंच. पण दिनूला गाढ झोप लागली ती कुठे, तर जिथे एक तार तुटली की त्याने उठायला हवं तिथे. आपण न उठलो तर कुणाचं तरी काही अडेल, हे माणसाला रोज थोडं तरी वाटत राहायला हवं. आम्ही मायेपोटी त्याचं सगळं अडणं काढून घेतलं होतं. माया खरी होती, म्हणून तर ते कुणाच्या लक्षात आलं नाही. भिवंडीत पाहण्यासारखं काय आहे, असं मला आल्यापासून चार जणींनी विचारलं. माझा भाऊ झोपलेला पाहिला, असं मी सांगते. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

त्या दिवशी घरी पोचले, हातपाय धुतले आणि पोचल्याचा फोन केला. सुलभाने उचलला. गाडी वेळेवर मिळाली का, पाठ दुखतेय का, असं सगळं बोलून झालं. मग मी विचारलं, "अगं, तो दारातून काय म्हणाला होता?"

तिने लगेच सांगितलं.

"बोलले, ताईला सांग, माझी ड्युटी लागलीय. मी कुटं जातोय?"

मी फोन तसाच कानाशी धरून बसले. पलीकडे लूम चालू होते.